जुन्या सायकलीचं पत्रक

तुमची जुनी सायकल मेली, हे तुम्हाला कोणी सांगितलं? सायकलनं, की दुकानदारानं?

मला दुकानदारानं सांगितलं. शहागंजच्या मागच्या गल्लीत मी माझी माउंटन बाईक उभी केली, तेव्हा मिस्त्रीचाचांनी पान्हासुद्धा हातात घेतला नाही. त्यांनी हँडलवर दोन्ही हातांनी भार टाकला. पुढचा शॉकर जागचा हलला नाही. मग चेन एका बोटानं उचलली, तर ती दातांवरून अलगद वर आली, म्हाताऱ्या मनगटावरच्या बांगडीसारखी. चाचा म्हणाले, "बेटा, इसमें अब कुछ नै बचा. नई ले डालो." नव्या सायकली त्यांच्या डोक्यावरच टांगलेल्या होत्या, प्लास्टिकच्या वेष्टनात.

प्रश्न हौसेचा असता तर मी तिथंच मान डोलावली असती. पण पैठण रस्त्यावर, चितेगावच्या अलीकडच्या एका छोट्या शाळेत मला पहिली नोकरी लागली होती. मुलाखतीत मोठ्या बाईंनी विचारलं होतं, गारखेड्यातून रोज येणार कशा? मी ताठ मानेनं सांगितलं, सायकलनं. त्यांनी चष्मा काढून मला पुन्हा एकदा पाहिलं. दुसरा उपाय मला दिसत नव्हता. भरलेली एसटी मधल्या थांब्यावर थांबत नाही आणि रिकामी काळीपिवळी भरल्याशिवाय सुटत नाही. त्यातच धरणाकडून शहराकडे येणारी नवी जलवाहिनी टाकण्याचं काम चालू होतं. रस्त्याच्या कडेला, ज्यात माणूस उभा राहू शकेल एवढे पाइप आणि मध्ये मध्ये खणलेले चर. मोटारी तुंबायच्या, सायकल निघायची. निघाली असती, म्हणजे. कारण चढ आला, गिअर टाकला, की चेन उसळायची आणि मी काळे हात घेऊन रस्त्याच्या कडेला बसायचे.

असं काही वेळा झाल्यावर मोठ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. "उशीर झाला म्हणून मी मुलींना बाहेर उभं करते. आता त्या तुमच्याकडं बोट दाखवतात. पुन्हा प्रार्थना चुकली तर मला दुसरी बाई बघावी लागेल." त्यानंतर शाळेला आठवडाभर सुट्टी लागली; सोमवारी शाळा पुन्हा उघडणार होती.

म्हणजे नवी की जुनी, हा माझ्यासाठी नोकरीचा प्रश्न होता. तरीही मला ती सायकल सोडवत नव्हती, आणि त्याला कारण होतं.

मी शाळेत शिकत होते आणि शहराचं नाव वेगळं होतं, तेव्हा ती आमच्या घरी आली. पहिलं वर्ष मी ती मिरवली. मग लागोपाठ दुष्काळ पडले. जायकवाडीचं पाणी तळाला गेलं, नळाला येणारं पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक नसे. टँकर आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा, आत वळायचा नाही, कारण आत नव्या इमारतींची खडी पडलेली असायची. एकीकडे प्यायला पाणी नाही आणि दुसरीकडे स्लॅबवर पाणी मारणं चालू, हे मी रोज बघत होते. माझं रक्त तेव्हा जे तापलं ते अजून निवलेलं नाही.

त्या वर्षांत आई आणि मी सायकलवरून पाणी आणलं. हँडलला दोन बाजूंना दोन कॅन, मागच्या कॅरिअरवर तिसरा. मी हँडल धरायचे. उतार आला की आई मागून कॅरिअरला लटकायची आणि स्वतः ब्रेक व्हायची. टँकरचं पाणी बोअरचं, खारं. कॅनच्या झाकणातून ते ठिबकायचं थेट शॉकरवर. वाळलं की पांढरा थर. डोंगरातले धोंडे गिळण्यासाठी बनवलेला तो शॉकर पाणी गिळून गिळून कायमचा आखडला. त्या माउंटन बाईकनं डोंगर कधी पाहिला नाही, पण तिनं जे वाहिलं ते डोंगरावर जाऊन येणाऱ्या किती सायकलींनी वाहिलंय?

चाचांना मी यातलं काही सांगितलं नाही. विचारलं एवढंच, की सुधारायची म्हटलं तर काय काय लागेल. त्यांनी खुर्ची ओढली आणि मन लावून समजावलं. या सायकलीच्या मापाची मागची फ्रीव्हील, म्हणजे चाकावरची दातेरी चक्रं, आता चांगल्या प्रतीची येत नाही. नव्या पद्धतीची बसवायची तर हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, बदला. हब बदललं की चाक नवं. मागं जास्त गिअर आले की चेन बारीक लागणार, म्हणजे पेडलांचा क्रँकही नवा आणि हँडलवरचे गिअरचे लिव्हरही. डिस्क ब्रेक हवा असेल तर तो बसवायला फ्रेमवर जागाच नाही. एक नवं घेतलं की ते दुसरं मागतं. "सब नया डाले तो पुराना क्या बचा? घंटी?"

घंटीसुद्धा वाजत नव्हती.

आता आमच्या घरची एक रीत सांगितली पाहिजे. बाबा वकिलाकडे कारकून आणि बाकीच्या वेळात पत्रककार. बसथांबा हलवला, झाड तोडलं, दवाखान्याचं दार दुपारी बंद राहिलं, की बाबांचं पत्रक निघायचं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर, गणितं केली ती पत्रकांच्या मागच्या बाजूला, आणि माझा डबासुद्धा निषेधात गुंडाळून जायचा. घरातही तोच कायदा. ज्याला काही मोठी वस्तू हवी असेल त्यानं एकपानी पत्रक लिहायचं आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवायचं. सुरुवात प्रश्नानं. शेवट विनंतीनं, कारण वाचणाऱ्याला काही करायला सांगितलं नाही तर ते पत्रक नाही, निबंध. आणि विरुद्ध बाजू मांडायला कोणी पुढं आलं नाही तर ती आपणच लिहायची, तीसुद्धा मनापासून.

मी दोन पत्रकं चिकटवली. 'नवी घ्या' आणि 'जुनी सुधारा'. 'नवी घ्या' लिहिताना मी कुठंही ढिलाई केली नाही. ब्रेक, वेळ, नोकरी, सगळं मांडलं. 'जुनी सुधारा'मध्ये दुष्काळ आला, स्लॅबवर मारलेलं पाणी आलं, वापरा आणि फेका या वृत्तीला मी आडवं पाडलं. लिहून झाल्यावर मलाच स्फुरण चढलं.

आईनं पोळ्या लाटता लाटता दोन्ही वाचली. म्हणाली, "दुसरं छान आहे. रडू येतं. पण सोमवारी सकाळी शाळेत कशी पोचणार, ते कुठं लिहिलंय?"

मी ते उपटलं आणि पुन्हा लिहायला बसले. या वेळी तत्त्व बाजूला ठेवलं आणि रस्ता डोळ्यांपुढं आणला. गारखेड्यातून निघायचं, पैठण रस्त्याला लागायचं, डांबर, थोडा चढ, थोडा उतार, मध्ये खणलेला पट्टा. यात शॉकर कुठं लागतो? कुठंच नाही. आखडलेला शॉकर म्हणजे नुसतं लोखंडाचं ओझं. तो काढून पुढचं चाक धरणारा साधा सरळ फोर्क बसवला तर सायकल हलकी होईल. गाठीगाठींचे टायर चिखलासाठी. डांबरावर गुळगुळीत टायर हवेत. गिअर जास्त कशाला, आहेत तेवढ्यातले निम्मेही मी वापरत नाही. फक्त दाते झिजलेले नकोत. आणि ब्रेक रिमचेच, पण रबर नवं आणि तार नवी. चाचा आणि मी दोघंही सायकलीत काय घालायचं याचाच विचार करत होतो. तिच्यातून काय काढायचं, हे दोघांनाही सुचलं नव्हतं.

राहिला प्रश्न जुन्या मापाच्या चाकाचा आणि क्रँकचा. दुकानात ते नव्हते. पण आमच्या कॉलनीत, त्या एका काळात, घरोघरी अशाच सायकली घेतल्या गेल्या होत्या. त्या आता कुठं होत्या? जिन्याखाली. गच्चीवर. पाण्याच्या टाकीमागं. म्हणून मी शेवटची विनंती लिहिली: 'तुमची जुनी सायकल भंगारात देण्याआधी रविवारी सकाळी आम्हाला दाखवा.' कपाटाच्या दाराला ही विनंती करायला माझं काय जात होतं?

त्या आठवड्यात सोयगावचे मामा आले. मामांची गावी कापसाची शेती आणि शहरात सिमेंटचं दुकान. शहर वाढतं तसे मामाही वाढतात. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि कपाटासमोर उभे राहून त्यांनी पत्रक सावकाश वाचलं.

"आक्का," ते आईला म्हणाले, "तुझी पोरगी पत्रकावर बसून शाळंत जाणार काय?"

आई म्हणाली, विचार तिलाच.

"हे बघ," मामा माझ्याकडं वळले, "मी घेतो नवी. लई चांगली घेतो. पण ह्या खटाऱ्यावर माझी भाची दिसली नाय पायजे. गावाकडचे लोक पैठणला ह्याच रस्त्यानं जात्यात."

मामांचा जीव माझ्यावर आहे, यात मला कधीच शंका नव्हती. अडचण वेगळी होती. मामांनी दिलेली वस्तू जन्मभर मामांचीच राहते. आमच्या मिक्सरमधली चटणी ते आजही 'माझ्या मिक्सरातली' म्हणून खातात. माझी पहिली नोकरी त्यांच्या सायकलवरची नोकरी व्हावी, हे मला नको होतं. मी म्हणाले, या सोमवारी मी माझ्याच सायकलवर वेळेत पोचले नाही, तर तुमची घेईन.

"व्हय? मग सोमवारी बघू," मामा म्हणाले, आणि समाधानानं चहा प्यायले.

पुढं जे झालं ते फक्त आमच्याच घरात होऊ शकतं. बाबा दर महिन्याला कॉलनीसाठी पाण्याच्या पाळीचं पत्रक काढायचे. कोणत्या गल्लीला कधी पाणी, एवढंच त्यात. धरण भरलेलं असलं तरी आमच्या नळाला पाळीच असते, त्यामुळे ते पत्रक प्रत्येक घरात फ्रिजवर किंवा देवघराशेजारी चिकटवलेलं असतं. बाबांना त्याची मागची कोरी बाजू कायम खुपायची. कागदाची नासाडी. त्यांनी मला न विचारता माझं सायकलचं पत्रक मागच्या बाजूला छापलं, खाली नेहमीप्रमाणे घरचा पत्ता टाकला, आणि वाटून आले.

आमच्या घरच्या पत्रकांचा इतिहास असा, की ती वाचून कोणी काही केल्याचं आम्हाला तरी आठवत नव्हतं. त्यामुळे रविवारी सकाळी फाटक वाजलं तेव्हा बाबांना वाटलं, पेपरवाला. बाहेर निवृत्त एसटी ड्रायव्हर काका उभे होते, दोन्ही हातांत दोन सायकली. त्यांच्यामागं बँकेतल्या बाई, त्यांच्या सायकलच्या चाकांत कोळ्यांची जाळी. त्यांच्यामागं आणखी. फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत जुन्या माउंटन बाईक. काही लंगड्या, काही चाकाशिवाय खांद्यावर आणलेल्या.

बाबा दारातच थांबले. लोकांनी ऐकलं तर पुढं काय करायचं, हा विचार त्यांनी आयुष्यात केलेला नव्हता. आई मागून म्हणाली, "इतकी वर्षं पत्रकं काढली, कोणी आलं नाही. आज सगळे आले, आणि घरात दूध नाही."

दुसरी अडचण लगेच समोर आली. मी लिहिलं होतं 'दाखवा'. 'द्या' लिहिलं नव्हतं. त्यामुळे बहुतेकांना सायकल द्यायची नव्हतीच, दुरुस्त करून हवी होती. बँकेतल्या बाईंनी स्पष्ट विचारलं, "तुम्हीच लिहिलंय ना, मेलेली नाही म्हणून? मग चालवून दाखवा."

मी रांग शेवटपर्यंत मोजली. मग वाटलं, हेच तर हवं होतं. मी बाबांना शहागंजला पिटाळलं. मिस्त्रीचाचा आपल्या मोपेडवर हत्यारांची पेटी बांधून आले, अंगणावर नजर फिरवली आणि म्हणाले, "ये तो पूरा कब्रस्तान है." पण पेटी उघडली. गिऱ्हाइकांची एवढी रांग त्यांच्या दुकानापुढं कधी लागली नसावी, आणि तसं त्यांनी दोनदा बोलूनही दाखवलं. मी त्यांना टोमणा मारला, की तुम्ही तर म्हणाला होता काही उरलं नाही. चाचांनी पापणीसुद्धा लववली नाही. "दुकान में नै है, बोला था बेटा. शहर में नै, ऐसा कब बोला?"

दुपारपर्यंत आम्हाला एक पद्धत सापडली. आधी फ्रेम बघायची. कुठं चीर नाही, वाकलेली नाही, तर सायकल जगणार. फ्रेमला चीर असेल तर ती चालवायची नाही, तिचे सुटे भाग इतरांना. एका काकूंच्या सायकलीला हँडलच्या खाली चीर निघाली. त्यांना मी स्वतः सांगितलं, काकू, ही थांबवा, नवी घ्या. त्या म्हणाल्या, पत्रकात तर तसं नव्हतं. मी म्हणाले, पत्रक खोटं पडलं तर चालेल, तुम्ही पडलेलं चालणार नाही. त्यांचं धडधाकट मागचं चाक बँकेतल्या बाईंच्या सायकलीला गेलं आणि बाई अंगणातच फेरी मारून आल्या, पदर खोचून.

माझ्या सायकलीला ड्रायव्हर काकांनी आपल्या दुसऱ्या सायकलीचा साधा फोर्क दिला, आणि तिचंच मागचं चाक. क्रँक एका मोडक्या फ्रेमवरून आला. चेन, ब्रेकची रबरं, तारा आणि गुळगुळीत टायर मात्र चाचांनी नवे घालायला लावले. तिथं त्यांनी माझं काही ऐकलं नाही आणि ते बरोबर होतं. आखडलेला शॉकर निघाला तेव्हा मी तो हातात तोलला. आईनं तो माझ्याकडून घेतला, त्यावरचा पांढरा थर नखानं खरवडला आणि तुळशीच्या कुंडीजवळ ठेवला. अजून तिथंच आहे.

सोमवारी सकाळी मी निघाले. पहिल्या चढावर हात आपोआप ब्रेककडं गेला, कारण तिथंच चेन उसळायची. मी गिअर टाकला. टक्क असा आवाज झाला आणि चेन बसली. पुन्हा टाकला. पुन्हा बसली. समोरून वारा होता, तरी सायकल अशी पळत होती जणू तिच्यावरचे ते तिन्ही कॅन आत्ता कुठं खाली उतरले होते.

जलवाहिनीच्या कामापाशी मोटारी तुंबल्या होत्या. रात्रीत नवा चर खणला होता आणि एकच बाजू चालू होती. मी पाइपांच्या कडेनं, मातीच्या पट्ट्यावरून निघाले. रांगेच्या मधोमध एक ओळखीची पांढरी गाडी दिसली. टपावर आडवी बांधलेली कोरी करकरीत सायकल, प्लास्टिकच्या वेष्टनात. काच खाली होती. मामा घामाघूम होऊन हॉर्न दाबत होते. मी नापास होणार हे धरून ते बक्षीस घेऊन थेट शाळेतच निघाले होते.

मी घंटी वाजवली. ती चाचांनी फुकट बसवून दिली होती.

मामांनी मान वळवली. माझ्याकडं बघितलं, माझ्या सायकलीकडं बघितलं, मग वर आपल्या टपाकडं.

"मामा," मी म्हणाले, "येते. प्रार्थनेला उशीर होतोय."

मी फाटकातून आत गेले तेव्हा शिपाई घंटेखाली उभा होता आणि अजून घंटा द्यायची होती. मोठ्या बाई व्हरांड्यात होत्या. त्यांनी मला पाहिलं, सायकलीला पाहिलं आणि चष्मा पुसला. प्रार्थनेच्या रांगेत माझ्या वर्गातल्या मुली आधी माझ्या हातांकडं बघत होत्या. हात स्वच्छ होते. त्या दिवशी मी प्रार्थना जरा मोठ्यानंच म्हटली.

मामा पोचले तेव्हा पहिला तास संपत आला होता. मोठ्या बाईंनी विचारलं, कोण हवंय? मामा म्हणाले, भाचीला सायकल द्यायला आलतो. बाई म्हणाल्या, "त्या तर केव्हाच वर्गात गेल्या. सायकलनंच आल्या." हे मला नंतर शिपायानं सांगितलं, नकलेसकट.

मामांनी ती सायकल परत केली नाही. हल्ली संध्याकाळी क्रीडा संकुलाभोवती ते स्वतः ती चालवतात, आणि माझी सायकल शेजारून पुढं गेली की म्हणतात, तुझी हलकी हाय, माझ्या सायकलीला शॉकर हाय ना. नव्या सायकलीवर माझा राग नाही. ती चालते आहे, तोवर ती माझ्या बाजूची आहे. वर्षअखेर शाळेनं मला पुढं ठेवून घेतलं. कॉलनीत रविवारी सकाळी आता सहज म्हणून कोणाची ना कोणाची सायकल आमच्या अंगणात उलटी उभी असते, आणि आई आदल्या दिवशीच जास्तीचं दूध घेऊन ठेवते.

शहर वाढतंय. पुन्हा कोरडी वर्षं येतील. तेव्हा गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत पाणी ज्यावर येणार, ते आज जिन्याखाली अंधारात उभं आहे.

म्हणून विनंती. हे वाचून झालं की उठा. जिन्याखालची सायकल उजेडात आणा, ओल्या फडक्यानं फ्रेम पुसा आणि हँडलच्या खाली, सीटच्या खाली, पेडलच्या वर, जिथं नळ्या जुळतात तिथं बोट फिरवून चीर आहे का बघा. असेल तर ती सोडा आणि तिचं चाक शेजाऱ्याला द्या. नसेल तर टायरमध्ये हवा भरा, आणि दुकानात जाण्याआधी गल्लीतून एक फेरी मारा.